उलटा बसलेला डेल्को

माझा पोटापाण्याचा धंदा ब्रेकचा आहे, पण कॉम्प्युटरवरचा. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय म्हणून गाव आहे, तिथे राहतो आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेकची गणितं करणारी सॉफ्टवेअर तपासतो. पेडल दाबल्यावर कुठल्या चाकावर किती जोर येईल, हे मी दशांश चिन्हापुढच्या तीन घरांपर्यंत सांगू शकतो. ब्रेक-शू मात्र चौदा वर्षांत एकदाही हातात धरला नव्हता.

लहानपणी याच्या बरोबर उलट होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं गॅरेज होतं. मे महिन्याच्या सुट्टीत माझी रवानगी तिथे व्हायची. कामं ठरलेली: तारेच्या ब्रशनं प्लग घासायचे, रॉकेलच्या पातेल्यात नट-बोल्ट धुवायचे, आणि मामांनी गाडीखालून हात बाहेर काढून "नऊ-सोळा" (इंचाचे नऊ सोळांश) म्हटलं की नऊ-सोळाचाच पाना द्यायचा, अर्ध्याचा नाही. फियाट, अँबॅसेडर, पेट्रोल जीप. गणित काही येत नव्हतं, पण नखं मात्र जूनच्या मध्यापर्यंत काळी असायची.

तर चाळिशी ओलांडल्यावर जुनी अमेरिकन गाडी घेऊन ती स्वतः चालू करायची हे खूळ डोक्यात शिरलं, त्याचं मूळ हे. मंडळाच्या गणपतीत एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "टेस्ला घे की रे." मी मोदक खाल्ला आणि विषय बदलला.

इथे आधी एक कबुली. मी घेतलेली गाडी काटेकोरपणे बोलायचं तर मसल कार नाही. मसल कारची साधी व्याख्या म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची, रोजच्या वापरातली गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं राक्षसी इंजिन. १९६४ साली पाँटियाकनं आपल्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ काढली, तिथून ही लाट सुरू झाली असं धरतात. गंमत अशी की जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता, या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटियाकवाल्यांनी ते नवं मॉडेल म्हणून न दाखवता जास्तीचा पर्याय म्हणून दाखवलं आणि नियमाला बगल दिली. पुढे सहा वर्षांत मजल इथवर गेली की १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचं, कागदोपत्री ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळत होतं. मग प्रदूषणाचे नियम, वाढलेले विम्याचे हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट. खेळ आटोपला.

त्या ४५४ वाल्या शेव्हेलची आजची किंमत ऐकली की आपण घराचे हप्ते भरतोय तेच बरं वाटतं. पण शेव्हेल काही फक्त तशाच बनत नव्हत्या. त्याच कारखान्यात, त्याच पत्र्याची, त्याच चासीवरची मालिबू नावाची साधी गाडी शाळामास्तर आणि नर्सबाई घेत होत्या. तिच्यात ३०७ घनइंचांचं, म्हणजे पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, दोन तोंडांचा कार्ब्युरेटर आणि २०० अश्वशक्ती. तीसुद्धा त्या काळच्या ठोक मोजमापानं, खरी त्याहून बरीच कमी. शिकाऊ माणसानं हीच घ्यावी असं माझं मत तेव्हा अंदाजानं होतं, आता अनुभवानं आहे. एक म्हणजे बिघडवली तरी इतिहासाचं नुकसान होत नाही. दुसरं, भाऊबंद गाडी प्रसिद्ध असल्यामुळे काचेच्या रबरापासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नव्यानं बनतो आणि घरपोच मिळतो. दुर्मीळ गाडीचा एक दिवा शोधण्यात वर्ष घालवणारे लोक मी पाहिलेत.

खरेदीला तीन महिने लागले. पहिली पाहिलेली गाडी देखणी होती, पुढच्या जाळीवर आणि मागे 'एसएस' (सुपर स्पोर्ट, म्हणजे शेव्हेलचा दमदार अवतार) ही अक्षरं, किंमतही त्या अक्षरांची. पण १९७० सालच्या शेव्हेलमध्ये एसएस हा निव्वळ पर्याय होता. डॅशबोर्डावरचा गाडीचा नंबर त्याबद्दल काहीच सांगत नाही. नंबरावरून एवढंच कळतं की शेव्हरोले, मालिबू, आठ सिलिंडर, दोन दारं, साल, आणि कुठल्या कारखान्यात बनली. बाकी अक्षरं दुकानात मिळतात. खरा पुरावा म्हणजे कारखान्यातला जोडणीचा कागद, तो कामगार बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकवून मोकळे व्हायचे. विक्रेत्याकडे असा कागद नव्हता, आत्मविश्वास भरपूर होता. मी नमस्कार केला. दुसऱ्या गाडीला मालकीचा कागदच नव्हता. "नंतर करता येईल" हे वाक्य ज्या कागदाबद्दल उच्चारलं जातं तो आधी मागावा, हे सांगायला अमेरिका कशाला लागते.

तिसरी, साधी मालिबू, फ्लिंट शहराच्या पलीकडे एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. हिरवी, वर काळं रेक्झिनचं छप्पर. नंबरात 'एफ' अक्षर, म्हणजे फ्लिंटच्याच कारखान्यातली. जन्मगावापासून तासाभराच्या आत आयुष्य गेलेली. म्हातारे मालक म्हणाले की १९९४ पासून हलवली नाही. मी सोबत फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक नेलं होतं, मऊ कापडात गुंडाळून. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खातं. खाल्लेल्या जागी लोक लांबी, म्हणजे पुटी, भरून वर रंग देतात. पत्र्याला चुंबक धरतं, लांबीला धरत नाही. मागच्या चाकांच्या कमानींवर चुंबक दोन्हीकडे घसरलं. मागच्या काचेखालची पट्टी बोटानं दाबली तर कुरकुरली, कारण रेक्झिनच्या छपराखाली पाणी मुरतं आणि ते तिथेच उतरतं. डिकीचा तळ एका कोपऱ्यात चाळणी. पण खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरनं चासी ठोकत गेलो तर सगळीकडे टणटण वाजली. पत्रा बदलता येतो, चासी कुजलेली असेल तर उठून कपडे झटकावेत. आठ हजार डॉलरला ठरलं. इंजिन फिरत नव्हतं हे त्यांनी आपणहून सांगितलं, म्हणून मी फार घासाघीस केली नाही.

ट्रेलरवरून गाडी दारात उतरली तो २०१८ चा ऑक्टोबर होता. मुलगी म्हणाली, "ही आपली?" बायको काहीच म्हणाली नाही. तिनं तिची गाडी गॅरेजमधून काढून बाहेर लावली, आणि येणारा हिवाळा मिशिगनचा आहे हे लक्षात घेता ते वाक्यापेक्षा मोठं होतं.

रविवारी सकाळी मामांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात संध्याकाळ होती. मामा पंच्याहत्तरीचे, गॅरेज आता मामेभाऊ बघतो. मी उत्साहानं बॉनेट उघडून इंजिन दाखवायला लागलो. मामांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "आरं, ब्रेक कसं हायत?"

"मामा, इंजिनच जाम आहे अजून."

"असू दे की. आधी थांबायचं बघ. पळायचं मागनं."

ब्रेकची गणितं करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं. आणि त्यांनी आणखी एक बजावलं: सगळी गाडी खोलायची नाही. एक जागा खोलायची, नीट करायची, मिटवायची, मग दुसरी. "खोकी भरून गाड्या येत्यात माझ्याकडं. मालकाला वाटतंय उघडली म्हंजे निम्मं काम झालं." इथेही तेच चालतं. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत 'बरेचसे भाग खोक्यांत' हे शब्द दिसले की समजावं, कुणीतरी मोठ्या उमेदीनं सुरुवात केली होती.

चारी चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला आतून धरणारे दोन शू. पुढचा डावा ड्रम गंजानं असा धरलेला की दोन दिवस तेल मारून, मागच्या पत्र्यातल्या फटीतून ॲडजस्टरचं दातेरी चाक मागे फिरवून, चाकाच्या बोल्टांच्या मधोमध हातोडी मारून मग सुटला. आत सगळी तपकिरी भुकटी. त्या काळच्या शूवरच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून तिथे हवेचा फवारा मारायचा नाही. तोंडाला चांगला मास्क, आणि ब्रेक क्लीनरनं भिजवून ओल्या फडक्यानं पुसायचं. व्हील सिलिंडरमधून निघालेलं ब्रेक ऑइल काकवीसारखं होतं, रंगानंही आणि दाटपणानंही.

एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडायचा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते, हे मी वाचलं होतं. उत्साहात दोन्ही उघडले. स्प्रिंगा, टिकल्या, पट्ट्या, चिमुकले हूक. जमिनीवर सगळं सांडल्यावर ते एखाद्या घड्याळाचं पोट वाटायला लागलं. दिवस घालून जोडलं आणि रात्री मॅन्युअल वाचताना कळलं की दोन शूंपैकी आखूड लायनरचा शू पुढे बसतो, लांब लायनरचा मागे. गाडी पुढे जाताना पुढचा शू ड्रमला धरतो आणि आपला जोर मागच्या शूवर ढकलतो, म्हणून खरं काम मागचा करतो, म्हणून त्याचं लायनर लांब. हे मला येत होतं! समीकरणासकट येत होतं! आणि मी दोन्ही चाकांना शू उलटे लावले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले.

चार नवे व्हील सिलिंडर, तीन रबरी नळ्या, शू, मास्टर सिलिंडर, आणि गंजलेल्या सगळ्या लोखंडी नळ्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला मुलीला पेडलवर बसवलं. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी ड्रायव्हरजवळचं. "दाब. धर. सोड." शेवटच्या चाकापर्यंत तिनं माझ्याआधी "धरलाय" म्हणायला सुरुवात केली होती. पेडल घट्ट लागलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

टाकीची गोष्ट थोडक्यात. निम्मी भरलेली होती आणि आतल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. साफ करण्यापेक्षा नवी टाकी स्वस्त पडली. टाकी खाली घेताना वर हात घातला, कारखान्याचा कागद मिळतो का बघायला. कागद होता. उंदरांनी त्याचं घरटं केलं होतं. 'एफ' आणि 'बी' अशी दोन अक्षरं वाचता आली. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. एक मूर्खपणाही इथेच नोंदवून ठेवतो. बाहेर उणे बारा होतं, गॅरेजमध्ये हीटर लावला होता आणि उद्यमनगरच्या सवयीनं मी पातेल्यात पेट्रोल ओतायला घेतलं, नट धुवायला. बायको दारात उभी होती. तिनं शांतपणे हीटर बंद केला, पेट्रोलचा कॅन बाहेर नेऊन ठेवला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मी आग विझवायचं सिलिंडर आणि रॉकेल, दोन्ही आणलं.

आता इंजिन. मामांनी सांगितलं होतं, "डिझेल आन् ऑइल वत आन् आठ दिस इसर." इथे लोक त्याऐवजी गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घेतात. आठही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ओतलं आणि विसरायचा प्रयत्न केला. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात, तिथून दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजानं चिकटतात. बळ लावलं तर रिंग तुटते. म्हणून धीर.

पुस्तकात लिहिलं होतं, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या बोल्टला लांब दांडीचा गोटी-पाना लावून फिरवा. मी खाली वाकून बघतो तर बोल्टच नाही, आणि बोल्टासाठी आटे पाडलेलं भोकही नाही! क्रँकचं टोक सरळ गुळगुळीत. समोरच्या घरात एका मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा राहतात, त्यांना बोलावलं. ते हसून म्हणाले, लहान इंजिनांना तेवढा खर्च करत नसत. मग गिअरबॉक्सच्या खालचं झाकण काढलं, फ्लायव्हीलचे दाते उघडे पडले, आणि जाड स्क्रू ड्रायव्हर टेकवून रोज संध्याकाळी एकदा दाबून बघायचं असा नेम सुरू झाला. नवव्या दिवशी 'कट्' असा आवाज आला आणि एक दाता सरकला. एकच. मी गाडीखाली पडल्या पडल्या त्या दात्याकडे बघत राहिलो. मग उलटा एक, सुलटा दोन. तासाभरात पूर्ण फेरा.

टायमिंगची चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह हलवणारा दांडा फिरवणारी साखळी, ढिली आहे का हे न उघडता कळतं. डेल्कोचं टोपण काढायचं, क्रँक एकीकडे फिरवून थांबायचं, मग उलट फिरवायचं आणि आतला रोटर हलेपर्यंत क्रँक किती रिकामा फिरला ते बघायचं. माझा बराच फिरला. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत वरच्या दातेरी चाकाला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दाते असायचे, ते म्हातारपणी तडकून तेलाच्या टाकीत पडतात आणि पंपाच्या तोंडाशी अडकतात. समोरच्या आजोबांच्या मदतीनं चेन आणि दोन्ही चाकं बदलली. तेलाच्या टाकीतून बडीशेपेएवढे नायलॉनचे तुकडे निघाले. दोन आठवडे गेले, पण त्यात सांगण्यासारखं थंडीशिवाय काही नाही.

डेल्को हा शब्द मी मघाशी सहज वापरला. प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा तो डबा, त्याला उद्यमनगरात डेल्कोच म्हणतात. फियाटचा असो, अँबॅसेडरचा असो. मला लहानपणी तो मराठीच शब्द वाटायचा, डबकं-डबा असा काहीतरी. या गाडीचा डबा पुसला तर त्यावर ठसठशीत लिहिलेलं: डेल्को-रेमी. जनरल मोटर्सच्याच घरातली कंपनी. मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेव्हरोले जोडल्या जात होत्या, तेव्हा हे नाव कुठल्या वाटेनं आमच्या गॅरेजात आलं असेल याचा तर्क करायला फार लांब जायला नको. मामांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "मग? डेल्कोच हाय तो."

या इंजिनात डेल्कोचा दांडा खाली तेलाच्या पंपाला फिरवतो. म्हणजे डेल्को काढून तिथे ड्रिल मशीनला जोडलेली दांडी घातली की इंजिन चालू न करता सगळीकडे तेल पोचवता येतं. चोवीस वर्षं कोरड्या बेअरिंगांसाठी हे करायलाच हवं. मी डेल्को काढायच्या आधी रोटर कुठे होता त्याची खडूनं खूण केली. हुशारी. मग ड्रिल चालवलं, आणि वरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या सगळ्या रॉकरांपर्यंत तेल यावं म्हणून मधून मधून क्रँक फिरवला. दोन-तीन मिनिटांत तेल झिरपत वर आलं, काळसर-सोनेरी, फार सुंदर. आणि क्रँक फिरवल्यामुळे माझ्या खडूच्या खुणेला आता काही अर्थ उरलेला नाही हे त्या सौंदर्याच्या भरात लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मी पुलीवरची खूण शून्यावर आणली, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर, रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे केला आणि डेल्को बसवला. वायरी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमानं, तीनदा तपासून.

मार्चमधला शनिवार. आजोबा हातात आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभे, मुलगी फोन धरून, फोनमध्ये मामा. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून फाडकन हातभर ज्वाळ वर आली. भुवया वाचल्या. पुन्हा फिरवली, पुन्हा फाडकन. मी पेट्रोल जास्त, पेट्रोल कमी, चोक, वायरी असं काहीबाही बोलायला लागलो.

फोनमधून आवाज आला, "थांब. डेल्को उलटा बसलाय."

"नाही मामा, पुलीची खूण बरोबर शून्यावर होती."

"पुली दोनदा येती शून्यावर, लेका. पयल्या प्लगच्या भोकावर बोट ठेव आन् फिरव. बोट ढकललं तर ती खरी. न्हाई ढकललं तर ती वाया."

बरोबर होतं. पिस्टन वर दोनदा येतो, एकदा हवा दाबून, एकदा धूर ढकलून. डेल्को मात्र क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून त्याला दोन्हींतला फरक माहीत असतो, माझ्या पुलीला नसतो. मी धूर ढकलायच्या वेळी ठिणगी देत होतो. त्याच वेळी आत यायचा व्हॉल्व्ह उघडू लागतो, त्यातून आग वर. आठ हजार मैलांवरून, फोनच्या चिमूटभर स्पीकरमधून दोन फाडकन ऐकून मामांनी हे ओळखलं. मी हे शास्त्र कॉलेजात शिकलो, परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले.

बोट ठेवलं. मुलीनं दात्यांवरून क्रँक फिरवला. बोटाखालून फस्स करून हवा निसटली, तिथे थांबलो. डेल्को उचलून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घातला तर तो शेवटचं अर्धं बोट खाली जाईना. खाली पंपाच्या दांडीची खाच जुळत नव्हती. लांब स्क्रू ड्रायव्हर भोकात घालून ती खाच चुटकीभर फिरवायची, डेल्को टेकवायचा, नाही बसला, काढायचा, पुन्हा चुटकीभर. सहाव्यांदा 'टक्' करून बसला. किल्ली फिरवली आणि पाच लिटरचं ते धूड आठही सिलिंडरांवर चालायला लागलं. गॅरेजभर पांढरा धूर, ॲसिटोनचा आणि चोवीस वर्षांचा. उंदरांच्या आणखी एका घरट्याचे अवशेष सायलेन्सरमधून अंगणात आले. फोनमधून मामा काहीतरी ओरडत होते, ते ऐकू आलं नाही. नंतर कळलं, "तेलाचा काटा बघ, तेलाचा काटा" म्हणत होते.

डेल्कोच्या आत उघडझाप करून ठिणगी पाडणारा पॉइंट असतो, त्याचं अंतर नव्या पॉइंटला १९ थाऊ, म्हणजे इंचाचे १९ हजारांश, ठेवायचं. मामा फिलर गेज सापडला नाही की पोस्टकार्ड घालून बघायचे. या डेल्कोची एक सोय पाहून मात्र मी खूश झालो. टोपणाला एक छोटी खिडकी आहे. ती सरकवून, इंजिन चालू असतानाच, ॲलन की घालून पॉइंट बसवता येतो. पॉइंट किती वेळ मिटलेला राहतो ते दाखवणाऱ्या मीटरवर ३० अंश आले की खिडकी बंद. हे मामांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदाच काही न बोलता बघत राहिले. मग म्हणाले, "ही खिडकी असती तर माझी निम्मी कंबर वाचली असती."

उन्हाळ्यात डिकीचा तळ बदलला, सीटबेल्ट नवे घातले. रंगाला हात लावलेला नाही आणि एवढ्यात लावणारही नाही. कमानींतली लांबी आहे तिथे सुखी आहे. मिशिगनमध्ये सव्वीस किंवा त्याहून जास्त वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. एकदा थोडे पैसे भरले की दहा वर्षं बघायला नको. अट एवढीच की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम, चाचणी एवढंच. पण ऑगस्ट महिन्यात मात्र कुठेही, कशालाही न्या! कायद्यातच तसं लिहिलंय. या राज्याच्या रक्तात काय वाहतं ते ज्याला कळलं त्यानंच हे कलम लिहिलं असणार. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर हजारो जुन्या गाड्यांची फेरी निघते, १९९५ पासून. जत्राच ती. लोक फूटपाथवर खुर्च्या टाकून बसतात.

२०१९ चा तो शनिवार सतरा तारखेला होता. त्याआधीच्या आठवड्यात कोल्हापुरात पंचगंगेला महापूर आलेला. शिरोलीजवळ हायवे बंद, आणि दोन दिवस मामांचा फोनच लागत नव्हता. गाडी तेव्हा मी झाकून ठेवली होती. मग मामेभावाचा निरोप आला, सगळे सुखरूप आहेत.

शुक्रवारी रात्री नऊला आमच्या जवळच्या बर्मिंगहॅम गावाच्या पुढे एका पार्किंगमध्ये गाडी उभी केली. डावीकडे चेरी रंगाची जीटीओ, उजवीकडे प्लिमथची रोड रनर, तीही मसल कारच, मधे आमची गंजलेली हिरवी मालिबू. मुलगी मागच्या लांबलचक सीटवर पाय पसरून आइस्क्रीम खात होती. मामांना फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ, साडेसहा वाजलेले, आणि मामा गॅरेजात होते. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. ते सांगत होते, बावीस गाड्या आल्यात, सगळ्या पाण्यातनं काढलेल्या, इंजिनात गाळ, एअर फिल्टरमध्ये मासा निघाला. पोरं स्टार्टर मारायला बघत्यात, त्यांना आवरायला म्हणून पहाटे आलोय. "प्लग काढल्याबिगर कोण किल्ली लावंल त्याचं हात मोडतो म्हटलं."

मी म्हटलं, मामा, कामात आहात, नंतर करतो.

"न्हाई न्हाई. ऐकव बघू जरा."

बॉनेट उघडून फोन इंजिनावर धरला. वीसेक सेकंद गेले असतील.

"एक टॅपेट वाजायलंय. डावीकडं कुठंतरी. बघ ते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी डावं व्हॉल्व्ह कव्हर काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या रॉकरचा नट अर्धा फेरा ढिला होता.